पाच वितींच्या रावसाची हकीकत

॥ श्रीवरुण प्रसन्न ॥ ज्याचे पोटी मासा आहे त्या समुद्रास पहिले नमन. ज्याचे गळास मासा लागला त्यास दुसरे नमन. ज्याचा लागून निसटला त्यास साष्टांग, कां जे जगातील कुल मोठे मासे निसटलेलेच आहेत. शके १९४४, शुभकृत् नाम संवत्सरे, माघ शुद्ध त्रयोदशीस, उधाणाचे दिवशी, दक्षिणेचे पुळणीवर जे वर्तमान घडले ते सेवकाने डोळां पाहिले तैसे लिहिले आहे. जेथे डोळ्यांत खारे पाणी उडाले तेथे अंदाजाने लिहिले आहे. ऐकणाराने दोन्हींत भेद करू नये.

एक राज्य होते. त्यास नाव नव्हते, गडकोट नव्हते, तोफा नव्हत्या, माणसे मात्र सख्खी, चुलत, सोयरी आणि शेजारची मिळोन सतरा होती. राज्याचा उद्योग एकच, जे वर्षातून एक वेळ, माघमासी, जेथे गाडीरस्ता संपतो आणि पुढे पायवाटही कंटाळून परत फिरते ऐशा दूरच्या पुळणीवर जावे, आणि लाटांचे फेसात कंबरभर उभे राहोन गळ फेकून मासे गरवावे. राज्याचे धनी राजश्री भार्गवराव. त्यांनी चाळीस वर्षे वजनेमापे तपासण्याचे कचेरीत चाकरी केली, तराजूंवर शिक्के मारिले, आखूड गज मोडिले, आणि दरारा ऐसा जे कापडवाले त्यांची नुसती सावली पाहोन दोन बोटे जास्त कापड मोजीत. राज्याचे सिंहासन म्हणजे अॅल्युमिनियमची घडीची खुर्ची, निळ्या पट्ट्यांची, पैकी दोन पट्ट्या तुटल्याने बसणारा अर्धा खाली जाई. तरी सतरा माणसांत खुर्ची एकच, म्हणोन तिचे मोल हत्तीचे अंबारीहून अधिक. कायदा ऐसा जे, ज्याने आजवरचा सर्वांत लांब मासा धरिला त्याने खुर्चीवर बसावे आणि माशाचे डोके त्याचे पानात पडावे. इतरांनी ओल्या वाळूत बसोन पाहावे. नऊ वर्षांमागे भार्गवरावांनी एक रावस धरिला. ते समयी मोजपट्टी कोणापाशी नव्हती, म्हणोन त्यांचे कुटुंब राणीसाहेब कुमुदिनीबाई यांनी आपल्या वितीने मोजिला, तो पाच विती भरला. बाई जन्मात खोटे बोलिल्या नाहीत ऐसी ख्याती, तेव्हा पाच विती ते पाच विती झाले, आणि तेव्हापासोन भार्गवराव नऊ वर्षे खुर्चीवर आणि राज्य वाळूत, ऐसी वहिवाट पडली.

आता बाईंचे धाकटे बंधू मोरेश्वरराव, हे राज्याचे सेनापती. नऊ वर्षे वाळूत बसोन त्यांचे गुडघे धरिले आणि मनही धरिले. यंदा त्यांनी बारा फुटी परदेशी काठी आणिली आणि खिशात पोलादी मोजपट्टी आणिली, आणि दिवाळीचे फराळास येवोन मसलत बोलिले जे, "भावोजी, यंदाचा मासा पट्टीने मोजायचा. छापील आकडा असतो, वाद नको." भार्गवरावांनी चकली मोडिली आणि उत्तर केले, "ज्या मापाने पहिला मोजला त्याच मापाने दुसरा मोजायचा. आमच्या खात्याचं पहिलं कलम आहे. पहिला वितीने मोजलाय." आणि सेनापतींनी मोजपट्टी खिशातच ठेविली.

परंतु दैवगती पाहा. त्याच दिवाळीत बाईंनी खिडकीस नवा पडदा शिवावयास काढिला आणि खिडकी वितीने मोजिली. ती खिडकी बेचाळीस वर्षे सात वितींची. ते दिवशी नऊ भरली. बाई म्हणाल्या, "अहो, खिडकी वाढली की काय?" भार्गवराव वर्तमानपत्र वाचीत होते, ते त्यांचे हातून गळाले. खिडकी वाढत नसते. पावसाळ्यापासोन बाईंचे बोटांत वात शिरला होता आणि वीत आखडली होती. वीत आखडली म्हणजे मासा लांब होतो, हे मापांचे माणसास कोणी सांगावे लागत नाही. या वितीने मोजिता गेल्या साली फेकून दिलेला शिंगाळाही पाच विती भरता आणि राज्य शिंगाळ्याचे हाती जाते. मग भार्गवरावांनी दुसरे दिवशी पहाटे उठोन औषधी तेलाची बाटली कोमट पाण्यात ठेविली, आणि बाईंचा उजवा हात मांडीवर घेवोन एकेक बोट चोळो लागले, आणि हा नेम दिवाळीपासोन माघापर्यंत एक दिवस चुकला नाही. बाई प्रथम चकित जाहल्या. म्हणाल्या, "बेचाळीस वर्षांत पाण्याचा तांब्या कधी हातात दिला नाहीत. बरं आहे ना तुम्हाला?" ते म्हणाले, "तुला बरं वाटावं म्हणून चाललंय." मग बाई हसल्या आणि हात पुढे केला. ही वार्ता आळीत पसरली, आणि आळीतील बायकांनी आपापले नवऱ्यांस ऐसे काही सुनाविले जे तीन घरी तेलाच्या बाटल्या आल्या आणि एके घरी नवरा माहेरी गेला. नवऱ्याचे माहेर कोठे असते ऐसे कोणी पुसेल, तर तेही त्यास मागाहून सापडले नाही, म्हणोन परत आला.

असो. त्रयोदशीस स्वारी निघाली. या राज्यात पुरातन रीत ऐसी जे, गरवावयास निघाल्यावर "कुठे" हा शब्द कोणी उच्चारू नये. उच्चारिला तर मासे ऐकतात आणि दुसरीकडे जातात. भार्गवराव, राणीसाहेब, खुर्ची, आमिषाची कोळंबी आणि सेवक ऐसे सहा आसनी रिक्षात बैसले, आणि ती हाकावयास दर्यासारंग कासमभाई, जे भार्गवरावांचे शाळेपासोनचे स्नेही आणि पूर्वी खाडीत तर, म्हणजे उतारूंची नाव, चालवीत. काठ्या, गळ, शिसे आणि उरलेली फौज सेनापतींचे जीपगाडीत. पुळणी दोन, एक खाडीचे उत्तरेस, एक दक्षिणेस. भार्गवरावांचे मनात उत्तर होती, सेनापतींचे मनात दक्षिण होती, आणि "कुठे" कोणी पुसले नाही. मग एक प्रहर भार्गवराव उत्तरेस कोळंबीसह बसले आणि सेनापती दक्षिणेस काठ्यांसह बसले. मोबाइलास रेघ नव्हती. मग भार्गवरावांनी विचार केला जे सेनापती दक्षिणेस असतील, आणि तरीवरून रिक्षा खाडीपार नेली. आणि सेनापतींनी विचार केला जे धनी उत्तरेस असतील, आणि पुलावरून जीप खाडीपार नेली. पुन्हा कोळंबी एकीकडे आणि गळ एकीकडे. भार्गवराव म्हणाले, "चला, परत फिरा." कासमभाई म्हणाले, "भाऊसाहेब, मी फिरतो, पण तेही फिरतील. मग आपण असेच फिरत शिमगा गाठू." मग राणीसाहेब कोळंबीचे टोपलीवर ठाण मांडून बसल्या आणि म्हणाल्या, "मी इथून उठत नाही. काठ्यांना कोळंबी लागते, येतील झक मारत." आणि तैसेच जाहले. अर्धे प्रहरात सेनापती झक मारीत आले, आणि येवोन म्हणाले, "ताई, विचारायचं तरी." बाई म्हणाल्या, "कसं विचारणार? तुमचे मासे ऐकतात ना."

मग भरती लागली आणि युद्धास तोंड लागले. लाटा ऐशा उठल्या जे एका लाटेत सेवकास समोरचे बंदर दिसले आणि दुसरीत बंदरातील लोकांस सेवक दिसला. भार्गवरावांनी पहिला गळ टाकिला तो शेवाळ आले. दुसरा टाकिला तो उजवे पायाची चप्पल आली, आणि गतवर्षी याच पाण्यात त्यांस डावे पायाची सापडली होती, ती जोड पुरी जाहली, म्हणोन सुनांनी वाखाणणी केली. भार्गवरावांस ती वाखाणणी मानवली नाही. इतक्यात सेनापतींची काठी वाकली, आणि वाकता वाकता तिचे टोक पाण्यास लागले, आणि रीळ किंचाळो लागले. सेनापती चार पावले समुद्रात गेले, मग दोन जावयांनी त्यांची कंबर धरिली, जावयांची कंबर लेकींनी धरिली, आणि ऐसी साखळी कोरड्या वाळूपर्यंत पोहोचली. कासमभाई काठावरून ओरडत होते, "सोड थोडा, सोड, आता घे, अरे पाहुण्यासारखा घे, चोरासारखा नको." अर्धी घटका झुंज जाहली आणि रावस वाळूवर आला. रुप्याचा पाट जैसा, कल्ल्यांशी सोनेरी, आणि शेपूट हलविली तो सेवकाचा चहाचा स्टोव्ह विझला. भार्गवरावांनी माशास एक प्रदक्षिणा घातली, पाठीमागे हात बांधिले आणि अभिप्राय दिला, "अशक्त आहे."

मग राणीसाहेबांस पाचारण जाहले. भार्गवराव खुर्चीत आरामात रेलले, कां जे तीन महिन्यांची तजवीज त्यांस ठाऊक होती. त्याच सकाळी बाईंनी त्याच हाताने अख्खा नारळ वरून धरोन उचलिला होता. ऐशा पसरल्या वितीने हा मासा चारांवर जात नाही, ऐसा त्यांचा हिशेब, आणि म्हणाले, "मोज कुमुद. सावकाश मोज." बाई माशापाशी गुडघ्यांवर बसल्या. तेव्हा सेनापती म्हणाले, "ताई, थांब जरा. भावोजी तुझा हात रोज का चोळतात, ठाऊक आहे?"

"वात आहे म्हणून."

"वात पावसाळ्यापासून आहे. चोळायला कधीपासून लागले? खिडकी मोजलीस त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ना? वीत आखडली तर माझा मासा लांब भरेल, म्हणून चाललंय ते तेल. कासमभाईंना विचार."

कासमभाई रिक्षाचे इंजिन न्याहाळू लागले, ज्यात काही बिघाड नव्हता. बाईंनी भार्गवरावांकडे पाहिले. भार्गवरावांनी समुद्राकडे पाहिले. समुद्राकडे पाहावयास त्या दिवशी विशेष काही नव्हते. बाई म्हणाल्या, "म्हणजे माझ्यासाठी नव्हतं. माशासाठी होतं."

"अगदी तसं नाही."

"मग कसं?"

भार्गवरावांनी खुर्चीची तुटकी पट्टी बोटास गुंडाळली. लाटा जरा मागे सरल्या. मग ते म्हणाले, "सुरुवात माशासाठी झाली."

"आणि मग?"

"मग सवय लागली. सकाळी उठल्यावर आधी तेच आठवतं आता."

बाईंनी पदर खोचला आणि माशाचे तोंडाशी अंगठा टेकिला. कुल राज्य मोजो लागले. एक. दोन. तीन. चार. शेपूट अजून उरली होती. भार्गवराव खुर्चीतून उठोन उभे राहिले. बाईंनी पाचवी वीत टेकिली, ती नेमकी शेपटीचे टोकाशी संपली. "पाच," बाई म्हणाल्या. "ना बोट जास्त, ना बोट कमी."

भार्गवरावांनी चाळीस वर्षे खोटी मापे पकडिली होती. सकाळी नारळ उचलणारी बोटे आता अदबीने किंचित दुमडलेली त्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिली, आणि तोंड उघडिले, आणि मिटिले. कां जे ही वीत खोटी म्हणावी तर नऊ वर्षांमागची खरी कोणी म्हणावी. सेनापतींनीही पाहिले, परंतु सहा म्हणा म्हणोन ओरडावे तर बाईंनी बोटे पसरून चार केले तर काय घ्या, म्हणोन तेही चूप. मग निवाडा जाहला जे, बरोबरीत मूळ धनी कायम, खुर्ची भार्गवरावांची, माशाचे डोके मात्र उभे चिरोन दोघांचे पानी अर्धे अर्धे. बाई उठल्या, हात झटकला आणि म्हणाल्या, "एका बोटाने राहिलं राज्य. पुढल्या माघापर्यंत ही बोटं कशी राहतात, बघू."

हे ऐकता भार्गवरावांनी शर्टाचे खिशात हात घातला आणि तेलाची बाटली काढिली. मोहिमेवरही आणिली होती. बाईंस म्हणाले, "बस इथे." आणि हात चोळावयास सोयीचे पडावे म्हणोन त्यांस खुर्चीवर बसविले आणि आपण पुढे ओल्या वाळूत मांडी घातली. नऊ वर्षांत धनी वाळूत बसले ते प्रथमच. सेनापती शेजारी येवोन बसले आणि काही वेळ पाहोन म्हणाले, "भावोजी, अंगठा राहिला."

पुढे सेवकाने स्टोव्ह पेटवोन बाईंस चहा नेऊन दिला, तेव्हा भार्गवराव मासा साफ करवीत दूर होते. सेवक हळूच बोलिला, "बाई, नऊ वर्षांमागचा तो रावस मीही पाहिला होता." बाईंनी फुंकर घालोन चहा प्याला. मग म्हणाल्या, "तीन विती होता. त्या साली हे कचेरीतून नुकतेच घरी बसले होते. वाण्याच्या दुकानात गेले तर कोणी उठून उभं राहीना. रोज घरी येऊन माझ्या स्वयंपाकघरातली मापं तपासायचे." आणि कप परत दिला.

येणेप्रमाणे पाच वितींच्या रावसाचे वर्तमान. तात्पर्य इतकेच जे, वीत पसरली तो मासा घटला, वीत आखडली तो मासा वाढला, मासा मात्र होता तेवढाच होता आणि त्या संध्याकाळी सतरा पानांस पुरला. खुर्चीची तिसरी पट्टी तुटली आहे, तरी तीवर बसण्यावरून सांप्रत तंटा नाही. घरची खिडकी पुन्हा सात वितींची जाहली आहे.