पंपाच्या पेटीतला सात नंबर

अक्काताईंच्या हातात स्क्रूड्रायव्हर दिसला आणि आदितीला आईचा संशय आला. ज्या बाईने जन्मात बल्ब बदलला नव्हता, ती आप्पांच्या पेटीशी काय करत होती?

"आई, काय चाललंय?"

"धूळ पुसाय लागलोय की."

"स्क्रूड्रायव्हरनं?"

"कोपऱ्यात फडकं जात न्हाय."

पेटी म्हणजे मिस्ड कॉल दिला की शेतातली मोटर चालू करणारं यंत्र. आदितीच्या वडिलांनी, जिनपालआप्पांनी, ते उद्यमनगरातल्या आपल्या छोट्या कारखान्यात बनवलं. पुण्याच्या एका मोठ्या कंपनीचा माणूस 'बघतो जरा' म्हणून एक पेटी घेऊन गेला. पुढे कंपनीने पेटंट काढलं आणि नक्कल केली म्हणून उलट आप्पांवरच दावा ठोकला. दिवाळीत आप्पा गेले; दावा राहिला. हरलं तर कारखान्याला कुलूप. उद्या कोर्टाचे कमिशनर घरी येऊन आप्पांची पेटी उघडून बघणार होते.

"मिटवून टाक की," अक्काताई म्हणाल्या. "चारचौघांत पेटी कशाला उघडायची?"

"कंपनीवाल्यांचा फोन आलता काय तुला?"

"मला कोण फोन करतंय!"

आदितीने पेटी कपाटात घातली, किल्ली पर्समध्ये टाकली. तासाभराने आई किल्ली मागायला आली. म्हणे, हळदीचा डबा कपाटात राहिलाय. हळदीचा डबा गॅसशेजारी होता.

दुसऱ्या दिवशी कमिशनर गणपतरावांनी झाकण काढलं. वायरींच्या मध्ये दोऱ्यात ओवलेलं काहीतरी काळं, गुळगुळीत होतं. कंपनीचे इंजिनिअर राजशेखर उडालेच.

"हाच! आमच्या ड्रॉइंगमधला सात नंबर! मोटरचे हादरे शोषणारा भाग. दोन वर्षं संशोधन केलंय आम्ही. यांच्या पेटीत कुठून आला?"

"कशाचा आहे?" गणपतरावांनी विचारलं.

"ते सांगता येणार नाही. कंपनीचं गुपित आहे."

अक्काताईंनी डोळे मिटले.

"बिब्बा हाय त्यो," त्या म्हणाल्या. "दृष्ट लागू नये म्हणून. खंडेनवमीची पूजा झाली की समद्या पेट्यांत मीच बांधायचो, गुपचूप. ह्यांस्नी असलं आवडत न्हवतं. यंत्रात बिब्बा सापडला तर लोक ह्यांना हसतील, म्हणून काढाय बघत हुतो."

राजशेखर ड्रॉइंग उलटंसुलटं करून बघू लागले. गणपतरावांनी चष्मा पुसला.

"साहेब, तुमच्या संशोधनात लिंबू-मिरची कितव्या नंबरला?"

सगळे गेल्यावर आदिती झाकण लावू लागली आणि थांबली. बिब्ब्याखाली तांब्याच्या तारेची इवलीशी बैठक सोल्डर केलेली होती, तो घसरून वायरींवर पडू नये म्हणून.

"आई, हे सोल्डरिंगपण तूच केलंस?"

"मला कुठं येतंय त्ये?" अक्काताई म्हणाल्या. मग वाकून त्यांनी पुन्हा एकदा पेटीत बघितलं.