मेलेल्यांशी भांडणारे खैरनार आप्पा

कॉलेज रोडवरच्या माझ्या सायबर कॅफेत एक गृहस्थ रोज सकाळी अकराला यायचे आणि मेलेल्या माणसांना रागवायचे.

"अरे बाबा, मधे लेखणी उचलायला काय झालं होतं तुला? सगळं एका दमात?" असं स्क्रीनकडे बघून मोठ्यानं. शेजारी निकाल बघायला आलेल्या मुली दचकायच्या.

हे खैरनार आप्पा. गाव सटाण्याकडे. जमिनीच्या जुन्या नोंदी सांभाळणाऱ्या कचेरीतून निवृत्त झालेले, बायको वारलेली, घरी एकटेच. आपण दुकानाची पाटी वाचतो तशी ते मोडी वाचायचे. इंटरनेट नुकतंच रुळू लागलेले ते दिवस. एका संग्रहालयानं जुन्या मोडी पत्रांचे फोटो वेबसाइटवर टाकले होते आणि ज्यांना वाचता येतं त्यांनी ती देवनागरीत टाइप करून द्यावीत, असं आवाहन केलं होतं. पैसे वगैरे काही नाही, नुसती हौस. आप्पांना ती बातमी मीच दाखवली.

माउस शिकवण्यात आठवडा गेला. तो टेबलाच्या कडेला पोचला की आप्पा थांबायचे. "ताई, हद्द संपली."

पत्र उघडण्याआधी क्षणभर हात जोडायचे. मी हसले तर गावाकडच्या बोलीत म्हणाले, "दुसऱ्याचं पत्र शे. विचारायला नको?"

एखादा शब्द लागला नाही तर 'वाचता येत नाही' असं लिहायची मुभा होती. आप्पांना ती अजिबात मान्य नव्हती. "आपल्याला येत नाही. त्यानं तर लिहिलंय ना?" मग एका शब्दापायी दोन-दोन दिवस.

त्यांचं काम तपासायच्या कॅनडातल्या एक मराठी बाई, त्याही हौशीच. एकदा दोघांची जुंपली. कुणा सासुरवाशिणीनं दुसऱ्याकडून लिहवून बापाला पाठवलेलं पत्र होतं. बाईंनी वाचलं, 'मूल धाडा.'

आप्पा उखडले. "मूल नाही, मूळ! लेकीला माहेरी आणायला माणूस पाठवतात, त्याला मूळ म्हणतात. हिला कॅनडात कोण सांगणार?" एका बोटानं टाइप करत तीन दिवस भांडले. शेवटी बाईंनी लिहिलं, "मान्य. पण मग वडिलांनी कुणाला पाठवलं का हो?"

आप्पा त्या घरच्या पत्रांचा अख्खा गठ्ठा उपसायला बसले. बापाचं उत्तर सापडेना. तिची आणखी तीन पत्रं सापडली, प्रत्येक आधीच्यापेक्षा लहान. शेवटच्यात एवढंच होतं: 'आता कोणास धाडू नये. सवय जाहली.'

ते त्यांनी टाइप केलं. त्या दिवशी कुणालाच रागावले नाहीत. स्क्रीन बंद करून माझ्याकडे वळले.

"ताई, सिन्नरला एसटी किती वाजता असते?"

"सिन्नरला कोण तुमचं?"

घरची अहिराणी एकदम तोंडात आली. "मन्ही रेखा शे तठे." मग सावरून म्हणाले, "मुलगी. तिनं मनानं लग्न केलं. सात वर्षं झाली, मी गेलो नाही. तिनं दोनदा बोलावणं पाठवलं होतं."

इतक्या दिवसांत रेखा हे नाव मी पहिल्यांदा ऐकत होते. आणि सिन्नर इथून तासाभरावर.

दोन दिवस त्यांची खुर्ची रिकामी होती. कॅनडाहून विचारणा आली, "आप्पा बरे आहेत ना? मी फार बोलले का?" मी कळवलं, "बरे आहेत. लेकीकडे गेलेत."

तिसऱ्या दिवशी आले. मी कामधाम सोडून समोर स्टूल ओढलं.

"दार तिनंच उघडलं," आप्पा म्हणाले. "एसटीत चार वाक्यं जुळवली होती, एक आठवेना. केस पिकलेत तिचे, इथं, कानापाशी."

"मग?"

आप्पांनी नाक शिंकरलं.

"मग म्हणाली, 'आप्पा, चपला आत काढा. बाहेर ठेवल्या की कुत्रं नेतं.'"