तुळसाबाईची मायदेशी रवानगी

सरका लेकहो, टिनाखाली या, चहात पानी पडन. हं, तर एकाहत्तर साली हुकूम आला का बंगालचे निर्वासित आपल्या गावाले येनार. दुलीचंदभाऊ नवेनवे पुढारी. त्यायनं तिरोडी स्टेशनावर कमान बांधली, माळावर वीस टिनाचे शेड ठोकले. अन् निर्वासितायची गाडी इथं न थांबता गेली सरळ रायपूरकडे.

शेड रिकामे, अन् तपासनीले साहेब येनार!

त्याच हप्त्यात म्यांगनीजची खान खंदत खंदत आपल्या गावच्या तुळसाबाईच्या दारात आली अन् घर खानीत गेलं. ती लेकीले, ललिताले, घेऊन शेडात शिरली. शिबिराचे बाबू खेमराज धावत आले. म्हने, "बाई, निर्वासित व्हाले दुसरा देश लागते. तुमी नागरिक आहा."

"नागरिकाले का भेटते?"

बाबूनं रजिस्टर चाळलं. "मत."

"त्याच्यावर टिन राह्यते का?"

बाबूनं रजिस्टर मिटलं. पन साहेबाले दाखवाले कोनीतरी पाहिजेच होतं. निर्वासित कसा ओळखाचा, त्याचा वरून आलेला फार्म काढला. भात खाते? हौ. मासोळी खाते? हौ. नदीकाठची? बावनथडीची. हिंदी धड येत नाही? नाही. घराची आठवन काढून रडते? ते तर बाई रडतच होती. पास! मंग गंमत म्हनून आमी गावाले तपासलं, तं सारं गाव पास. दुलीचंदभाऊ पहिल्या नंबरात. त्यायनं फार्मच जप्त केला.

साहेबानं लिहिलं, 'निर्वासित समाधानी.'

दोन महिन्यांत लढाई जिंकली. नवा हुकूम आला: निर्वासितायले सन्मानानं मायदेशी पाठवा. यादीत दोनच नावं. दुलीचंदभाऊनं हार घातला, भाषन ठोकलं, का बहिनी, तुहा देश मोकळा झाला. तुळसाबाई हळूच म्हने, "दुल्या, लेका, माह्या हातची अंबील पिऊन वाढला तू. मले ओळखलं नाही?"

भाऊ कानाशी वाकले. "ओळखलं ना, आत्या. पन हुकूम हाय."

आपन सगळ्यायनं टाळ्या वाजवल्या. तू तं शिटीही मारली, प्रेमलाल.

मोटारीनं दोघींले नदीपार महाराष्ट्रात उतरवलं, तिथून पुढचं राज्य आपलं नाही म्हनून. तिकडच्या पटवाऱ्यानं इचारलं, कुठच्या? बाई म्हने, नदीपल्याडच्या, बालाघाट जिल्ह्यातल्या. तो म्हने, मंग इथं काहून?

का म्हनतं, शेडायचं का झालं? वर टिनाकडे पाह्य ना. एवढ्या पान्यात एक तरी थेंब पडला का तुह्या चहात?