आयात सणांचा इन्स्पेक्टर

आमच्या शेजारच्या पाच नंबरच्या घरावर दरवर्षी ऑक्टोबर संपत आला की एक पाटी लागायची. पिवळी, लॅमिनेट केलेली, प्लांटमध्ये धोक्याच्या सूचना असतात तशी. तिच्यावर इंग्रजीत लिहिलेलं असे : ‘या घराने हॅलोविन मागवलेला नाही. आलेला माल परत पाठवला जाईल.’ खाली सही आणि तारीख.

सही करणारा कॉलिन. ऑस्ट्रेलियाचा, साठी ओलांडलेला, पश्चिमेकडच्या कुठल्याशा गव्हाच्या गावात वाढलेला आणि आता सौदीतल्या खफजीत एकटा राहणारा. आम्ही एकाच प्लांटमध्ये. मी मेंटेनन्सला, तो इन्स्पेक्टर. बाहेरून आलेला प्रत्येक पार्ट त्याच्या टेबलावरून जायचा. साधा गॅस्केट असला तरी वस्तूकडे न बघता तो आधी कागद मागायचा. “मूळचं कुठलं हे?” हा त्याचा लाडका प्रश्न. कागद नसला की माल लाल फीत लावून कोपऱ्यात. माझे अर्धे केस त्या कोपऱ्यापायी पिकले, असं माझं प्रामाणिक मत आहे.

हाच कायदा तो सणांनाही लावायचा. पहाटे साडेपाचच्या बसमध्ये सगळे माना टाकून झोपलेले असताना हा माझ्या शेजारी बसून हॅलोविनची तपासणी करायचा. हा सण थंडी सुरू होताना, दिवस लहान होताना करायचा. आमच्याकडे तेव्हा वसंत असतो, संध्याकाळी सहाला लख्ख ऊन असतं, भुतांनी उन्हात फिरायचं का? आणि भोपळा ही भाजून खायची वस्तू आहे. तिला डोळे पाडून दारात ठेवणारा माणूस कधी उपाशी राहिलेला नसतो. अमेरिकेतून टीव्हीवर बसून आलेला हा माल, कागद नाही, काही नाही. रिजेक्टेड.

मी ‘हं’ म्हणायचो. बारा तासांच्या शिफ्टला निघालेल्या माणसाला सणांविषयी मत नसतं, त्याचे पाय दुखत असतात.

एकदा मात्र मी त्याला नाताळचं विचारलं. तोही तुमच्याकडे बाहेरूनच आला ना? कॉलिन म्हणाला, लहानपणी चाळीस डिग्रीत आई खिडकीला कापसाचा बर्फ चिकटवायची आणि आम्ही घामाने निथळत गरम पुडिंग खायचो. “पण तो आजोबांनी आणलेला,” तो म्हणाला. “आजोबांनी आणलेलं आयातीत धरत नाहीत.”

दिवाळीवर त्याचा आक्षेप नव्हता. फक्त आमचा आकाशकंदील खाली उतरवून त्याने तळाशी ‘मेड इन चायना’ शोधून काढलं आणि माझ्याकडे फार दुःखाने पाहिलं. माझी बायको मधुरा त्या दिवशी चिडली होती. पण तिने लाल भोपळ्याचे घारगे पुढे ठेवले, तेव्हा पाचवा घारगा हातात घेऊन तो म्हणाला, भोपळ्याचं काय करायचं हे जगात फक्त दोन देशांना कळलंय. तेव्हापासून मधुरा घारगे केले की त्याचा डबा वेगळा काढते.

आमच्या वसाहतीच्या कंपाउंडमधल्या मुलांना या तत्त्वज्ञानाशी कर्तव्य नव्हतं. आमची इरा नऊ वर्षांची. तिला चॉकलेटशी कर्तव्य. एकतीस तारखेला अंधार पडला की दहाबारा पोरं प्लॅस्टिकचे सुळे लावून दारोदार निघायची. आपण सर्वपित्रीला वाढतो, तर हे महिन्याभराने मागायला येतात, असं मधुरा म्हणायची आणि वाटीभर गोळ्या काढून ठेवायची. पाच नंबरला पोरं वळायचीही नाहीत. तिथला दिवा बंद असे. ते घर गाळायचं, हे त्यांना पाढ्यासारखं पाठ झालं होतं.

यंदा एकतीस तारखेला मी शिफ्टवरून परतलो तर पाच नंबरवर पाटी नव्हती. दिवा चालू होता आणि दाराच्या मुठीला एक नारिंगी फुगा बांधलेला होता. म्हटलं, वाढदिवस असेल कुणाचा तरी. मला फक्त बूट काढायचे होते.

घरी इरा सुळे काढून चॉकलेटं रंगाप्रमाणे लावत बसली होती. फेरी आटपली होती. मधुराने माझ्या हातात घारग्यांचा डबा दिला. “अरे, बूट काढायच्या आत कॉलिनकडे देऊन ये. एकदा बसलास की उठायचा नाहीस.” संसारात इतकं अचूक ओळखलं जाणं बरं नव्हे.

मी बेल दाबायच्या आत दार उघडलं. कॉलिनच्या डोक्यावर रुंद काठाची हॅट, गालावर बुटाच्या पॉलिशने काढलेल्या मिशा, हातात चॉकलेटांनी काठोकाठ भरलेलं परातीएवढं भांडं. मला पाहून त्याचा चेहरा पडला.

“तू होय,” तो म्हणाला. “मुलं कुठे आहेत?”

मी म्हणालो, मुलं घरी गेली.

“पण मी फुगा बांधलाय.”

मला काही कळेना. मग त्याने उंबऱ्यातच सांगितलं. त्यांच्याकडे या सणावरून शेजाऱ्याशेजाऱ्यांत वाद होतात, तेव्हा लोकांनी तोड काढली. ज्याला मुलं यायला हवीत त्याने टपालपेटीला फुगा बांधायचा. फुगा नसेल त्या घराला त्रास द्यायचा नाही. सगळ्या जगाला हे ठाऊक असणार, असं त्याने गृहीत धरलं होतं. मूळचं कुठलं, हे एवढं एकदाच विचारायचं राहिलं.

आणि फुगा कशासाठी? पर्थला त्याची नात आहे, मिली, सहा वर्षांची. गेल्या वर्षी ती चेटकिणीचा पोशाख करून व्हिडिओ कॉलवर आजोबांना दाखवायला आली. आजोबांनी तिला आयातीचं भाषण दिलं. पोरीने ऐकून घेतलं, टोपी काढली आणि उठून गेली. त्यानंतर वर्षभर ती स्क्रीनसमोर आली नाही. कॉलिनची मुलगी फोन करायची, मागून मिलीचा आवाज यायचा, मिली नाही. या महिन्यात तिने आईकरवी एकच विचारलं, आजोबा फुगा बांधणार का? हा म्हणाला, बांधेन, आणि किती मुलं आली तेही कळवेन.

“तिथे आता मध्यरात्र होत आली,” कॉलिन म्हणाला. “सकाळी उठली की आकडा विचारेल.”

मी म्हणालो, सांग बारा. पोरीला काय कळतंय.

त्याने माझ्याकडे बघितलं. चाळीस वर्षांत ज्याने एकाही रिपोर्टवर खोटा आकडा लिहिला नाही तो माणूस, मिशा रंगवलेला, भांडं पोटाशी धरून उभा होता. “शून्य लिहावं लागेल,” तो म्हणाला.

मला त्या क्षणी त्याचा राग आला. इतकी वर्षं बसमध्ये माझी झोप उडवत भोपळ्यावर बोलला, नातीबद्दल एक शब्द नाही. मी डबा त्याच्या हातात कोंबला आणि घरी आलो.

इराला म्हटलं, चल पाच नंबरला. ती म्हणाली, “बट बाबा, ही हेट्स इट.” मी म्हणालो, आता नाही हेट करत, सुळे लाव. तिने अंघोळीला गेलेल्या दोन मैत्रिणींना ओल्या केसांनी बाहेर काढलं. तिघींच्या मागे मीही निघालो. डोक्यावर हेल्मेट, अंगात तेलाने माखलेला कव्हरऑल, पायात तेच बूट. माझा पोशाख सकाळपासून तयारच होता.

कॉलिनने दार उघडलं. मुलींना मोजलं, एकदा, दोनदा. प्रत्येकीला विचारलं, तू कोण? चेटकीण, चेटकीण, वटवाघूळ. मग माझ्याकडे वळला.

“आणि तू?”

“दमलेला इंजिनीयर,” मी म्हणालो.

त्याने चॉकलेट दिलं. एकच दिलं, मुलींना मूठ मूठ.

दुसऱ्या दिवशी पहाटे बसमध्ये तो माझ्या शेजारी येऊन बसला. मला झोप लागत होती. इतक्यात त्याने फोन माझ्या कानाला लावला. त्याने रिपोर्ट पाठवला होता, चेटकिणी दोन, वटवाघूळ एक, दमलेला इंजिनीयर एक, आणि त्यावर मिलीचं रेकॉर्ड केलेलं उत्तर आलं होतं. बारीक आवाज विचारत होता, आजोबा, दमलेला इंजिनीयर हे कुठलं भूत असतं?

“काय सांगू?” कॉलिनने विचारलं.

“इथलंच आहे म्हणून सांग. रोज दिसतं.”

तो हसला नाही. चष्मा काढून पुसत बसला. मग त्याने तो आवाज पुन्हा लावला, आणि पुन्हा. प्लांटचं गेट येईपर्यंत मी डोळे मिटून झोपल्याचं सोंग घेतलं.