आजोबांची दाढ

लाळेतल्या, सूज दाखवणाऱ्या प्रथिनाचा आकडा ताईंनी तीनदा वाचला, मग चष्मा पुसून चौथ्यांदा. नमुना सोमवारचा, आजोबांचा. आकडा नेहमीच्या वीसपट. आजोबा म्हणजे प्रयोगशाळेतलं सगळ्यात म्हातारं माकड. केळ्याच्या रसात भिजवलेला कापसाचा बोळा निमूट चघळून परत देणारं.

सरांनी आकडा पाहिला आणि हिरडी सडल्याचं जाहीर केलं. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना दाढा ठणठणीत दिसल्या, पण छापील आकड्यापुढे कुणाचं चालतं? दुसऱ्या दिवशी भूल देऊन दाढ काढायची ठरली. या वयात भूल उतरेलच असं नाही, हेही डॉक्टरीणबाईंनी जाता जाता सांगितलं.

"सर, परत मोजू का?"

"ताई, यंत्र खोटं बोलत नाही."

बोलत नाही खरं, पण कुणाबद्दल बोलतंय तेही सांगत नाही. ताईंनी सोमवारची नळी काढली. झाकण उघडताच घमघमाट सुटला तो लवंगेच्या तेलाचा. आता माकडाच्या दाढेला लवंगेचं तेल कोण लावणार?

त्या सरांसमोर येऊन उभ्या राहिल्या. इथेही तोच वास. सरांचा उजवा गाल जवळून पाहिला तर किंचित सुजलेला.

"सोमवारी मी नळ्या आणायला गेले, तेव्हा आजोबांनी बोळा चावला होता ना?"

सर जरा चुळबुळले. "रुसले होते हो. म्हणून मी एक नवा बोळा चावून दाखवला. त्यांनी नुसतं बघितलं."

"आणि तुमचा बोळा?"

"ट्रेमध्ये ठेवला."

ट्रेमधला तो एकुलता एक बोळा ताईंनीच आजोबांचा समजून नळीत घातला होता. माणसाचं आणि माकडाचं हे प्रथिन इतकं सख्खं, की यंत्रालाही ओळखू येत नाही. आजोबांचा ताजा नमुना मोजला, तर आकडा अगदी तान्ह्या बाळासारखा. उद्याची भूल रद्द झाली. ताईंनी मनातल्या मनात हात जोडले.

"चला, सुटलो," सर म्हणाले. "आता हे घरी कळू देऊ नका. दोन महिने लपवलंय."

"वहिनींचा फोन आला होता मघाशी," ताई हळू आवाजात म्हणाल्या. "हल्ली तुम्ही एकाच बाजूने का जेवता, विचारत होत्या. खोटं कशाला बोलू? आकडा सांगून टाकला."

"मग?"

"खाली फाटकापाशी उभ्या आहेत. दातांच्या डॉक्टरांची वेळ घेऊनच आल्यात."

सरांनी गालावर हात ठेवला आणि पिंजऱ्यात निवांत केळं सोलणाऱ्या आजोबांकडे हेव्याने पाहिलं.