भावाची रास, बहिणीचं दार

भुजंग लढाईवरून केदारखेड्याला परतला, तेव्हा त्याच्याजवळ एक पत्र्याची पेटी होती आणि एक बेट होतं. जपान्यांनी त्याला धरून न्यू गिनीकडच्या समुद्रात नेलं होतं. तिथून तो निसटला आणि एका बेटावरच्या गावानं त्याला वर्षभर लेकरासारखं सांभाळलं. ते गाव तो रोज पारावर सांगायचा.

"तिथं माणूस हातभर लांब कंद पिकवतो, पर घरी नेत न्हाई. वाजतगाजत बहिणीच्या दारात रास घालतो. समदं गाव बघायला येतं. ज्याची रास मोठी, तो भाऊ मोठा!"

एके दिवशी हे ऐकून सारा पार हसला; सगळ्यांत मोठ्यानं हसला तो त्याच्या बायकोचा भाऊ बद्रीनाथ. पाण्याला निघालेली भुजंगची बहीण चतुराबाई मात्र हसली नाही. ती गावातच कडूबाला दिलेली. सासू झुंबरबाई महिनाभर तिला टोचत होती, "भाऊ सात समुद्र फिरून आला, अन् तुला काय आणलं? गोष्टी!"

दुसऱ्या दिवशी भुजंगच्या खळ्यावर शाळूची रास पडली. चतुराबाई आली आणि राशीच्या मधोमध मांडी घालून बसली.

"उतर, चतुरे. गाडी भरायचीय."

"भर की. माझ्या दारी ने."

"अगं, ते बेट हाय!"

"मंग पारावर जाऊन सांग, भाऊ बेटावरच असतेत, केदारखेड्यात न्हाईत. लगेच उतरते." आणि तिनं मोकळ्या गळ्यानं ओवी धरली:

"नको चोळी, नको साडी, नको तोड्याला घुंगरू,
माझ्या बंधूच्या राशीला माझ्या दारी पाखरू."

शेजारच्या खळ्यांवरच्या बायांनी सूर धरला. भुजंगची बायको तुळजाबाई धावत आली. "अन् माझ्या लेकरांनी काय खायचं? तुमचं बेट?"

भुजंग घाबरून खरं बोलून गेला. "तिथं... बायकोचा भाऊ आणून देतो."

तुळजाबाई थबकली. पदर खोचून ती तडक बद्रीनाथच्या खळ्यावर गेली आणि त्याच्या राशीवर बसली.

"ताई, उतर!"

"बिलकुल न्हाई. काल लई हसत होतास ना?"

बद्रीनाथची बायको नंदाबाई कमरेवर हात ठेवून हे बघत होती. ती कडूबाची बहीण. तिनंही भावाच्या खळ्याची वाट धरली.

दुपारी तीन भरल्या गाड्या देवळामागच्या बोळात समोरासमोर अडकल्या. कुणीच मागं घेईना. आता सारं गाव बघत होतं. कुणीतरी हलगी आणली.

संध्याकाळी राशी बहिणींच्या दारात पडल्या, तेव्हा कडूबानं कपाळाला हात लावला. "माझी रास बद्रीनाथकडं, त्याची भुजंगकडं, भुजंगची माझ्याकडं. ज्याच्या त्याच्या घरात होतं तेवढंच! फुकट बैल दमवले!"

चतुराबाई राशीला हळदकुंकू वाहत होती. सासू झुंबरबाईनं स्वतः दिवा पुढं केला.

बाजारच्या दिवशी कडूबानं विकायला ज्वारीचं पोतं उचललं, तशी चतुराबाई आडवी आली.

"ठेवा खाली. माझ्या भावाचं हाय. विचारून न्यायचं."

"बरं, विचारतो. नेऊ?"

"न्हाई."

बद्रीनाथच्या दारात तेच झालं, भुजंगच्याही. तिघं रिकाम्या हातांनी पारावर येऊन बसले.

"का रे भुजंग," कडूबानं विचारलं, "त्या बेटावर गडी मंग दिवसभर काय करतेत?"

"पारावरच बसून राह्यतेत."

"मंग हे आधी का न्हाई सांगितलं?"

भुजंगनं सुस्कारा सोडला. "मला वाटलं, वारं चांगलं सुटतं म्हणून बसतेत."