कोठीत पडलेला मोबाईल

भालेराव सरांपुढे चिवड्याची वाटी ठेवली की ते आधी ती चांगली हलवतात. शेंगदाणे वर आले की म्हणतात, "मोठा दाणा वर येणारच." मग तेवढे शेंगदाणे खाऊन उरलेला चिवडा परत देतात.

केडगावात ते आमच्या समोरच राहतात. कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झाले, पण वाळू, साखर, धान्य, काहीही ओतलं जाताना दिसलं की त्यांचा पाय निघत नाही. कुठे वाळूचा डंपर रिकामा होत असला की भाजी राहते आणि सर रिकामी पिशवी घेऊन खुशीत परत येतात. "पाण्यासारखी वाहते, पण पाणी नव्हे," एवढंच सांगतात.

परवा आईचा मोबाईल ज्वारीच्या कोठीत पडला. पारनेरच्या शेतातली ज्वारी, छातीएवढी पत्र्याची कोठी, तीही काठोकाठ भरलेली. मी हात घालून उकरायला लागलो, तर ज्वारी घसरून परत खड्ड्यात यायची आणि मोबाईल आणखी खोल जायचा. शेवटी सरांना हाक मारली. ते अनवाणीच आले.

"हात काढ आधी. वहिनी, मधोमध पडला की कडेला?"

"मोजून पाडला का मी? मधीच पडला असंल."

"मग काळजी नको. तळाचं दार उघडलं की मधली ज्वारी आधी येते. कडेची शेवटी."

मी खाली घमेलं ठेवून दार उघडलं. ज्वारी सरसर यायला लागली, वर मधोमध खळगा पडत गेला. मी माझ्या मोबाईलवरून रिंग देत होतो आणि सर कोठीला कान लावून उभे होते. एकदम धार थांबली. मोबाईल दारात आडवा अडकून वाजत होता. सरांनी बोटाने तिरका करून ओढला, कानाला लावला आणि म्हणाले, "हॅलो, कोण?"

"मीच, सर," त्यांच्या शेजारी उभा राहून मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सर दारात. "काही पडलं का कोठीत?" मग रोजच विचारायला लागले. नाही म्हटलं की घुटमळायचे आणि जायचे. मला हसू यायचं. आईला आलं नाही.

"त्यांच्या बाई गेल्यापासून त्या घरात बोलायला कोन न्हाई," ती म्हणाली. "आन् कामाबिगर बसायचे न्हाईत ते."

एका संध्याकाळी तिनं उलथनं पुसलं, कोठीच्या कडेला ज्वारीत पार आत खुपसलं आणि मला सरांना बोलवायला पाठवलं.

"कडेला पडलंय म्हणता? मग वेळ लागेल, वहिनी."

"लागू द्या. भाकरी गरम हाय, आदी जेवून घ्या तुमी."

सर हात धुऊन बसले. भाकरी मोडता मोडता त्या दिवशी पहिल्यांदाच बाईंबद्दल बोलले. त्या ज्वारी पाखडायला बसल्या की हे समोर मोडा टाकून सूप बघत बसायचे, आणि त्या म्हणायच्या, "अहो, माझ्याकडेही बघा कधी." सांगताना सर हसले. आईनं न विचारता आणखी अर्धी भाकरी वाढली.

उलथनं अजून कोठीतच आहे.